सेकंड हँड लक्झरी गाडी, कोकणातल्या घराची एकमेव गाडी म्हणून घ्यावी का?

खाडीपलीकडे

मंडळी, मनापासून सल्ला हवाय. आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. घरात पाच माणसं: मी, बायको, दोन मुलं आणि आई. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं दुखणं आहे, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी चिपळूणची फेरी ठरलेली. मुलांची शाळा घरापासून चार किलोमीटर. महिन्यातून एकदा मुंबई. सासुरवाडी दापोलीला, म्हणजे धोपावे-दाभोळ फेरीबोट आलीच.

आमची हॅचबॅक अकरा वर्षांची झाली. १६ लाखांपर्यंत जमवाजमव केली आहे. तेवढ्यात नवी छोटी एसयूव्ही येते. पण त्याच पैशांत सहा-सात वर्षं वापरलेली बीएमडब्ल्यू एक्स वन, ऑडी क्यू थ्री किंवा मर्सिडीजची सी क्लाससुद्धा दिसते. ६६ नंबरच्या मुंबई-गोवा हायवेवर रात्री समोरून प्रखर दिवे येत असतात, बाजूला ट्रक असतो, मागच्या सीटवर मुलं झोपलेली असतात. तेव्हा आपल्या भोवती भक्कम पत्रा, चांगले ब्रेक आणि सहा एअरबॅग असाव्यात असं फार वाटतं. दाराशी मिरवायला मला ही गाडी नकोय.

बायको म्हणते नवी घेऊ. मेव्हणा म्हणतो जर्मनच घे. तुम्ही काय म्हणता?

हापूसवाला

इनोव्हा घे. विषय संपला.

गिअरबॉक्स

आधी मला एक सांग: डिझेल बघतोयस की पेट्रोल? आणि दिवसाला गाडी फिरते किती?

खाडीपलीकडे

डिझेल. रोजचं म्हणजे शाळेच्या दोन फेऱ्या आणि बाजार, सगळं मिळून वीसेक किलोमीटर.

गिअरबॉक्स

मग नीट वाच. मी पंचवीस वर्षं गाड्यांचीच कामं करतोय.

बऱ्याच आधुनिक डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराचे कडक नियम) आलं आणि ती जवळपास प्रत्येक डिझेलमध्ये आली, पण महागड्या गाड्यांत ती त्याआधीही सापडते. साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो आणि त्यासाठी गाडी सलग वीस-पंचवीस मिनिटं बऱ्या वेगाने पळावी लागते. चार किलोमीटरवर शाळा, तिथे बंद, पुन्हा घरी. इंजिन धड तापतच नाही. काजळी साठत जाते, दिवा लागतो, आणि तसंच रेटलं की गाडी ताकद कमी करून टाकते. तुझी पंधरा दिवसांची चिपळूण फेरी त्यावर उतारा आहे, पण दिवा लागल्यावर तिची वाट बघत बसू नकोस. बीएस-६ घेतलीस तर बऱ्याच गाड्यांत ॲडब्लूचा, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या पाण्याचा, डबाही भरत राहावा लागतो.

गिअरबॉक्सचंही सांगतो. झेडएफच्या आठ गिअरच्या बॉक्सबद्दल कार कंपन्या म्हणतात ऑईल आयुष्यभराचं आहे. बॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदला म्हणते. मी बनवणाऱ्याचं ऐकतो. विकणाऱ्याला विचार, ऑईल बदलल्याचं बिल आहे का? बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा कर.

दर्यावर्दी

माझा अनुभव चांगला आहे म्हणून लिहितो. रत्नागिरीत राहतो, सात वर्षं एक जर्मन सेडान वापरतोय. घेतली तेव्हा ती पाच वर्षांची होती. मुंबईला जाऊन आलो तरी पाठ दुखत नाही. एकदा निवळीच्या अलीकडे समोर गुरं आली, पावसात, रात्री साडेदहाला. गाडी जशी थांबली ते मी विसरणार नाही. त्या एका ब्रेकमध्ये माझे सगळे पैसे वसूल झाले.

पण मी गाडीसाठी वेगळं खातं ठेवलंय. दरमहा आठ हजार त्यात जातातच, गाडी बिघडो न बिघडो. कधी वर्षभर हात लावावा लागत नाही, कधी एका महिन्यात सत्तर हजार जातात. चार टायर एकदम बदलले तेव्हा लाखाच्या घरात गेलो. गाडी १६ लाखांना मिळेल, पण तिचे सुटे भाग ४० लाखांच्या गाडीचेच असतात. १६ असतील तर १२-१३ चीच गाडी बघ.

सुरंगी

दर्यावर्दी, शेवटच्या ओळीला पूर्ण अनुमोदन.

मी दापोलीची. दाभोळची फेरीबोट माझ्या रोजच्या माहितीची, म्हणून त्यावर लिहिते. भरतीला बोटीची फळी धक्क्याला जवळपास सपाट लागते. ओहोटीला उतार तीव्र होतो आणि जिथे फळी काँक्रीटला टेकते तिथे कोन तयार होतो. लांब नाकाची, खाली बसलेली सेडान तिथे हमखास घासते. आमच्या पाहुण्यांच्या सेडानचा पुढचा बंपर तिथेच खालून फाटला, आणि त्यांनी गाडी अगदी हळू घातली होती. बोटीवरची मुलं गाडी तिरकी घ्यायला सांगतात, तसं घेतलं की बरंच वाचतं. तरी नेहमी फेरीबोटीने जाणाऱ्याने सेडान घेऊ नये असं माझं मत. वेशवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा, जयगड-तवसाळ, सगळीकडे तेच.

दुसरं, आईंचं. माझ्या सासूबाईंचे गुडघे असेच आहेत. सेडानमध्ये बसता येतं, उठता येत नाही. दोघांनी हात धरून ओढावं लागतं. फॉर्च्युनर-एंडेव्हरसारख्या उंच गाडीत चढताच येत नाही. सीटची बैठक त्यांच्या कमरेला बरोबर यायला हवी, म्हणजे नुसतं वळून बसता येतं. ही उंची कागदावर कळत नाही. आईंना घेऊन जा आणि बसवून बघा.

मालवणी मासो

सुरंगीताई बरोबर सांगता. पयली आवशीक बसवन बघ. तिका जमला तर गाडी, नाय तर नाय.

वाशिष्ठी

मी चिपळूणची. हा धागा वाचून राहवलं नाही.

२२ जुलै २०२१. आमच्या गल्लीत पहाटे पाणी शिरायला लागलं आणि उजाडेपर्यंत गाडीचं टपसुद्धा दिसेना. आम्ही वर माळ्यावर होतो. पाणी ओसरलं तेव्हा गाडीत चिखल सीटच्या वरपर्यंत बसला होता. विमा कंपनीने ती पूर्ण नुकसान धरून पैसे दिले आणि गाडी घेऊन गेली. मी तेव्हा विचारलं होतं, हिचं आता काय होणार? उत्तर मिळालं, लिलावात जाईल.

अशा गाड्या लिलावातून कोणीतरी घेतं, धुतं, वाळवतं, आतलं कापड बदलतं आणि जिथे पुराचं नाव कोणी काढणार नाही अशा गावी विकतं. चिपळूण-महाडच्याच असतील असं नाही, दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या शहरात गाड्या बुडतातच. महागड्या गाडीत तर हे जास्त घातक. अनेक जर्मन गाड्यांची बॅटरी डिकीत असते आणि कंट्रोल युनिट सीटखाली किंवा गालिच्याखाली असतात. आज सगळं चालतं, सहा महिन्यांनी एकेका कनेक्टरला हिरवा गंज चढतो, मग काचा चालत नाहीत, मग एअरबॅगचा दिवा, मग एक दिवस गाडी सुरूच होत नाही.

त्यामुळे बघायला जाल तेव्हा पाचही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. वरचा भाग सगळे धुतात, आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ राहून जाते. सीटच्या रुळांवर गंज बघा. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा. गाडीत शिरल्यावर अत्तराचा भपकारा आला तर दार उघडं ठेवून अर्धा तास थांबा, मग पुन्हा वास घ्या. आणि विम्याचा जुना क्लेम इतिहास मागा. विकणारा तो द्यायला कां-कूं करत असेल तर तिथून निघा.

कुंभार्ली

वाशिष्ठीताई, वाचून काटा आला. आम्ही त्या आठवड्यात पोफळीहून पाण्याच्या बाटल्या घेऊन उतरलो होतो.

जांभा दगड

मी विरोधात लिहिणार आहे, राग नसावा.

सगळे गाडीबद्दल बोलतायत, मेकॅनिक किती लांब आहे हे कोणी विचारत नाही. रत्नागिरीहून कोल्हापूर १३० किलोमीटर, मध्ये आंबा घाट. गुहागरहून तर आणखी लांब. पावसाळ्यात घाटात दरड आली की तोही रस्ता बंद. ऑटोमॅटिक गाडी बंद पडली तर तिला दोर बांधून टोचन करता येत नाही, इंजिन बंद असताना चाकं जमिनीवर फिरली की गिअरबॉक्स जाऊ शकतो. फ्लॅटबेड मागवावा लागतो. माझ्या भावाची गाडी तवसाळजवळ बंद पडली, फ्लॅटबेड यायला संध्याकाळ झाली आणि दोन दिवस घरात गाडी नव्हती. दोन गाड्या असत्या तर चाललं असतं. तुझी एकमेव गाडी, त्यात आईचा दवाखाना. नवी घे, वॉरंटी असेल, चिपळुणात दुरुस्त होईल.

पंक्चरचंही बघ. बऱ्याच बीएमडब्ल्यूंना रनफ्लॅट टायर असतात आणि स्टेपनी नसते. हवा गेल्यावरही तो टायर साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जातो, हे खरं. पण पुढे? गावातला पंक्चरवाला त्याला हात लावत नाही, आणि तो साईजचा टायर शृंगारतळीत मिळेल का?

दर्यावर्दी

जांभा, राग कसला, मुद्दा खरा आहे. माझ्या रत्नागिरीतल्या मेकॅनिककडे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारा स्कॅनर आहे. चेसिस नंबरवरून पार्टचा नेमका नंबर काढायचा, त्याच कारखान्यात बनलेला पण कार कंपनीचा शिक्का नसलेला पार्ट मागवायचा. बॉश, माहले, लेमफोर्डर हेच मूळ बनवणारे. तीन-चार दिवसांत कुरिअरने येतो. आठ वर्षांपूर्वी हे सोपं नव्हतं, आता आहे. रनफ्लॅटच्या जागी साधे टायर, डिकीत पातळ स्टेपनी आणि जॅक, असंही पुष्कळ जण करतात. मी केलंय.

पण असा मेकॅनिक आधी शोधावा, गाडी नंतर. माझ्याकडे माणूस होता म्हणून मी धाडस केलं.

हापूसवाला

इनोव्हावर कोणीच बोललं नाही म्हणून पुन्हा आलो. एप्रिल-मेमध्ये मागची सीट पाडून वीस पेट्या घालतो, सहा तासांत वाशी मार्केट. तीन लाख किलोमीटर झाले. खेडपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही गॅरेजात उघडता येते.

गिअरबॉक्स

हापूसवाले, इनोव्हाला तोड नाही. पण तिची किंमत पडत नाही, हीच अडचण. १६ लाखांत बरीच पळालेली क्रिस्टा मिळते, म्हणजे जुन्या गाडीची जोखीम आहेच, फक्त आरामाशिवाय. आणि बहुतेक विकाऊ इनोव्हा कुठे कुठे पळालेल्या असतात ते तुम्हालाही माहीत आहे. मीटर पाडलेला ओळखायला पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिलई आणि ड्रायव्हर सीटची कड बघायची. मीटरवर ५० हजार आणि पेडल गुळगुळीत, असं कसं होईल?

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. चारही वेगवेगळ्या तारखांचे असतील तर का, ते विचारायचं.

कागदपत्र

(सुरुवातीपासून वाचतोय, आता माझा विषय आला.)

दिल्लीच्या स्वस्त गाड्यांचा मोह पडेल. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशाने गंडांतर आलं, म्हणून डिझेल तिथे लवकर विकायला लागले आणि भाव पडले. पण परराज्यातली गाडी इथे कायम वापरायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, मग १२ महिन्यांच्या आत इथलं पासिंग आणि महाराष्ट्राचा कर. महाग गाडीवर तो करही महाग. तिथला उरलेला कर परत मिळवायला वेगळे हेलपाटे. सगळं धरून हिशोब केला की स्वस्ताई फार उरत नाही. गोवा पासिंगचंही तेच, सिंधुदुर्गातल्या मित्रांनी राग मानू नये.

एमएच पासिंगची घेतली तरी बोजा बघा. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव राहिलेलं असतं. बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर घ्या. दंडाच्या ई-चलानांची यादी काढा. मुंबई-पुण्याच्या गाडीवर ती लांबलचक निघते.

विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे तो सांगतो त्यापेक्षा हप्ता जास्त येणार. आणि कोकणात इंजिन प्रोटेक्शनचं कलम घ्याच. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू केल्याने इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते बहुधा बसत नाही. पाण्यात बंद पडली तर किल्लीला हात लावायचा नाही, ढकलून बाहेर काढायची.

सुरंगी

हे कलम आमच्याकडे आहे आणि एकदा उपयोगी पडलंय. कागदपत्र, फार चांगलं लिहिलंत.

पाखाडी

थोडं विषयांतर. आमच्या अंगणात गाडी नारळाखाली लागते. पहिल्याच वर्षी पॅनोरमिक सनरूफवर नारळ पडला. काच महिनाभर मिळाली नाही, तोवर ताडपत्री. सनरूफ असेल तर झापाची शेड आधी, गाडी नंतर.

मालवणी मासो

आणि उंदीर! भाताच्या कणग्येपेक्षा वायरीच जास्त आवडतत तेंका.

पाखाडी

हो, उंदीर! रात्री बोनेट उघडं ठेवतो आम्ही. उजेड आणि वारा असला की घर करत नाहीत.

खाडीपलीकडे

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी येतोय, कारण तुमचं वाचून कामाला लागलो होतो.

आधी चिपळुणात मेकॅनिक शोधला. स्कॅनर आहे, दोन जर्मन गाड्या त्याच्याकडे नियमित येतात. त्यांच्या मालकांशी फोनवर बोललो, मगच गाड्या बघायला निघालो. डीपीएफसाठी दर रविवारी चिपळूण रस्त्याला एक लांब फेरी मारायची असंही ठरवून टाकलं.

पहिली गाडी नवी मुंबईत बघितली. बाहेरून आरशासारखी. मागचा मधला सीटबेल्ट पूर्ण ओढला तर शेवटच्या हातभर पट्ट्यावर करडी रेघ. मी विकणाऱ्याकडे बघितलं, त्याने नजर दुसरीकडे वळवली. वाशिष्ठीताई, तुमच्यामुळे माझे १४ लाख वाचले. दुसरी पुण्यात, सेडान, फार सुंदर चालत होती. आईला बसवलं. ती बसली, पण उठताना तिने दाराची कड घट्ट धरली आणि ओठ मिटून घेतले. ती काही बोलली नाही. तिथेच विषय मिटला.

तिसरी कोल्हापुरात. छोटी जर्मन एसयूव्ही, २०१८ ची, एकच मालक, ६१ हजार किलोमीटर, सगळी बिलं फाईलला लावलेली. मेकॅनिकला सोबत नेलं होतं, त्याचा दिवसाचा खर्च दिला. त्याने गाडी रॅम्पवर घेऊन खालून तासभर बघितली. पुढच्या सस्पेन्शनचे रबरी बुश झिजलेले, ब्रेक डिस्क बदलायला आलेल्या, बाकी कुठे ऑईलची गळती नाही. ती यादी समोर ठेवून किंमत १३ लाख २० हजारांवर आणली. उरलेले पैसे दर्यावर्दी म्हणाले तसे वेगळ्या खात्यात टाकले.

आई मागच्या सीटवर नुसती वळली आणि बसली. मग म्हणाली, "ह्यात गणपती कुठे ठेवायचा?" मी डिकी उघडून दाखवली. तिने हाताने उंची मोजली आणि म्हणाली, "मांडीवरच घेऊन बसेन."

जांभा दगड

मी नको म्हटलं होतं, पण तू ज्या क्रमाने गेलास तो क्रम मला पटला. अभिनंदन. फ्लॅटबेडवाल्याचा नंबर मात्र आजच फोनमध्ये घे.

सुरंगी

छान झालं! दाभोळला येताना भरतीची वेळ बघून या. आईंनाही आणा, सोलकढी तयार ठेवते.

गिअरबॉक्स

गिअरबॉक्स ऑईलचं बिल फाईलमध्ये होतं का?

खाडीपलीकडे

नव्हतं. पुढच्या सोमवारी बदलतोय.

दर्यावर्दी

समुद्र किती लांब आहे तुमच्याकडून? खारा वारा गाडीच्या पोटाला लागतो. पावसाळा संपला की रॅम्पवर घेऊन गोड्या पाण्याने खालून धुवून घे आणि ब्रेकच्या पाइपांवर, सबफ्रेमच्या सांध्यांवर गंजरोधक मारून घे. आणि केबिन फिल्टर वर्षातून दोनदा बदल, आपली तांबडी धूळ त्याला लवकर बुजवते.

खाडीपलीकडे

घरातून गाज ऐकू येते. लिहून ठेवलं.